दुखणे थांबवणारी गोळी आणि तिची भीती



भातकापणी तोंडावर आली होती. विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचे घरभेटीचे पथक गेले होते. घरात साठीच्या आसपासची आजी, तोंडाचा कर्करोग. मुंबईला उपचार झाले होते, पण आजार पुढे गेल्यामुळे आता घरीच सांभाळा असे डॉक्टरांनी सांगितले होते. आजी भिंतीकडे तोंड करून बसलेली. रात्रभर झोप नाही, पेज गिळवत नाही, कोणाशी बोलणे नाही.

सिस्टरांनी औषधे मागितली. सून आत गेली आणि तांदळाच्या कणगीच्या मागून एक पुडी काढून आणली. मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. दर चार तासांनी एक, असे चिठ्ठीवर लिहिलेले. दहा दिवसांत पाच-सहाच गोळ्या संपल्या होत्या. मुलगा बोईसरला कंपनीत कंत्राटावर कामाला. तो म्हणाला, "सिस्टर, आमच्या साइटवर सगळे बोलतात, ही गर्दुल्ल्यांची गोळी आहे. एकदा चटक लागली की सुटत नाही. पोलीस पण पकडतात. म्हणून मी लपवून ठेवली. आई फारच रडायला लागली तर अर्धी देतो."

त्या मुलाचे आईवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? भीतीपोटी तो आईला वेदनेत ठेवत होता. आणि ती भीती अगदीच खोटीही नाही. म्हणूनच या अंकात या विषयावर थोडे सविस्तर लिहायचे ठरवले.

अफूपासून औषध

अफूच्या बोंडाला चीर दिली की जो चीक निघतो, त्यात मॉर्फिन असते. मॉर्फिन, कोडीन ही औषधे त्यातूनच मिळतात. फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल ही कारखान्यात बनवलेली औषधे त्याच पद्धतीने काम करतात. या सगळ्यांना मिळून डॉक्टर ओपिऑइड म्हणतात. आपण अफूगटातली औषधे म्हणू.

मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत काही ठिकाणे अशी असतात, जिथे ही औषधे जाऊन बसतात आणि दुखण्याचा निरोप पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून ती इतकी गुणकारी आहेत. पण त्याच ठिकाणांमुळे सुख वाटते, झोप येते, आणि मात्रा फार झाली तर श्वास मंदावतो. गुण आणि धोका एकाच गोळीत आहेत. सुरी भाजी चिरते आणि बोटही कापते, तसेच हे. सुरी फेकून देऊन स्वयंपाक होत नाही आणि ती लहान मुलाच्या हातात देऊनही चालत नाही.

एक खुलासा इथेच करू. नालासोपाऱ्यात ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी सातशे किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले, ती बातमी पुष्कळांना आठवत असेल. हे मेफेड्रोन, म्हणजे लोक ज्याला एमडी म्हणतात ते, वेदनाशामक नाही. ते निव्वळ नशेसाठी बनवलेले रसायन आहे. मॉर्फिनशी त्याचा संबंध नाही. पण अशा बातम्यांमुळे लोकांच्या मनात सगळेच एका टोपलीत जाते.

पालघरमधली फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट

आपल्या जिल्ह्यातली दुसरी बातमी मात्र थेट या विषयाची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने एक तपास प्रसिद्ध केला. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत तरुण पोरे ज्या गोळ्यांच्या आहारी गेली होती, त्या गोळ्या भारतात तयार होत होत्या, असे त्यात दाखवले होते. गोळ्यांमध्ये टॅपेंटाडॉल हे अफूगटातले वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध एकत्र केलेले होते. ही दोन्ही औषधे भारतात वेगवेगळी मान्य आहेत, पण त्यांचे असे मिश्रण मान्य नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

त्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या पालघरमधल्या जागेवर २१ आणि २२ फेब्रुवारीला केंद्रीय आणि राज्याच्या औषध नियंत्रण अधिकाऱ्यांनी मिळून तपासणी केली. सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या आणि कॅप्सूल, तसेच कच्च्या मालाचे २६ बॅच ताब्यात घेतल्याचे आणि उत्पादन थांबवण्याचा आदेश दिल्याचे आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. या मिश्रणाची निर्मिती आणि निर्यात यांच्या परवानग्याही देशभर मागे घेण्यात आल्या.

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात औषधांचे पुष्कळ कारखाने आहेत. बहुतेक ठिकाणी नेमाने काम चालते, आणि तिथल्या पॅकिंगमध्ये, भरणीत, साफसफाईत आपल्या पाड्यांवरची मुले-मुली राबतात. पण जरा विचार करा. याच जिल्ह्यातून कोट्यवधी वेदनाशामक गोळ्या परदेशी नशेच्या बाजारात जाऊ शकतात, आणि याच जिल्ह्यातल्या पाड्यावर एक आजी साध्या मॉर्फिनच्या गोळीवाचून रात्र काढते. गोळ्या कमी नाहीत. ज्याला हवी त्याच्यापर्यंत त्या पोचत नाहीत आणि जिथे जाऊ नयेत तिथे जातात.

कायदा आला आणि औषध गेले

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर इथे अफूवर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. जगाच्या औषधांसाठी अफू पुरवणारा आपला देश. पण १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा आला, आणि त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीसारख्या कडक शिक्षा होत्या. कायदा तस्करांसाठी होता, पण त्याचा धाक रुग्णालयांनी घेतला. मॉर्फिन ठेवायचे तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. दुकानदारांनी औषध ठेवणे बंद केले, डॉक्टरांनी लिहिणे बंद केले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली.

२०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या अभ्यासगटाने जगाचा हिशोब मांडला. भारतात वेदनेसाठी लागणाऱ्या अफूगटातल्या औषधांच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के भागते, असे त्यात दिसले.

हे बदलावे म्हणून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. 'अत्यावश्यक अमली औषधे' असा नवा वर्ग झाला आणि २०१५ मध्ये मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि मेथाडोन ही सहा औषधे त्यात आली. आता चार-पाच परवाने लागत नाहीत. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेले रुग्णालय राज्याच्या औषध नियंत्रकाकडे अर्ज करून मान्यता घेऊ शकते आणि ही औषधे ठेवू शकते. नोंदवही मात्र चोख ठेवावी लागते. कायद्याची वाट मोकळी झाली आहे, पण मनातली भीती अजून तशीच आहे.

चटक लागते का?

आजीच्या मुलाचा हाच प्रश्न होता. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, शरीराला सवय होणे. काही आठवडे रोज मॉर्फिन घेतल्यावर ते एकदम बंद केले तर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी होते. हे जवळपास सगळ्यांनाच होते आणि ते व्यसन नव्हे. म्हणून औषध थांबवायचे तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात.

दुसरी, मात्रा वाढवावी लागणे. कर्करोगात गाठ वाढली की दुखणे वाढते आणि औषधही वाढते. रुग्ण जास्त मागतो याचा अर्थ तो बिघडला असा नाही. बहुतेक वेळा त्याचे दुखणे वाढलेले असते.

तिसरी, खरे व्यसन. दुखणे नसताना नशेसाठी घेणे, नुकसान होते हे कळूनही न थांबणे, त्यापायी घर-काम-माणसे सोडणे. हे घडते, हे नाकारून चालणार नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूगटातले काही ना काही घेतात असे आढळले. त्यांतले पुष्कळसे हेरॉइन किंवा अफू घेणारे असले, तरी औषधी गोळ्या-सिरप घेणारेही त्यांत मोठ्या संख्येने आहेत.

मग उपचार म्हणून मॉर्फिन घेणाऱ्यांचे काय? केरळातल्या कोझिकोड इथे १९९३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचा दवाखाना सुरू झाला. साधेसुधे लोक स्वयंसेवक झाले आणि रुग्णांना तोंडाने घ्यायचे मॉर्फिन घरी नेऊ दिले. तिथल्या दोन वर्षांच्या कामाचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १,७२३ रुग्णांना मॉर्फिन दिले गेले होते, आणि गैरवापराची किंवा औषध बाहेर विकल्याची एकही घटना सापडली नाही. ते रुग्णही आपल्यासारखेच गरीब, खेड्यापाड्यांतले होते. गरिबाच्या हाती हे औषध देता येत नाही, हा समज तिथे खोटा ठरला.

दुसऱ्या टोकाचा धडा

पण याच नाण्याची दुसरी बाजू अमेरिकेने पाहिली. १९९६ मध्ये तिथे ऑक्सिकोडोनची एक जास्त वेळ टिकणारी गोळी बाजारात आली. व्यसनाचा धोका नगण्य आहे असे सांगत कंपनीने ती पाठदुखी-गुडघेदुखीसाठीही डॉक्टरांच्या गळी उतरवली. त्या कंपनीने पुढे २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. गोळ्यांची सवय लागलेले पुष्कळ लोक हेरॉइनकडे आणि मग चोरट्या फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात तिथे अफूगटातल्या पदार्थांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे मेली.

यातून शिकायचे ते एवढेच. औषध कोणत्या दुखण्याला, कोणाला, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सगळे अवलंबून आहे. कर्करोगाच्या असह्य वेदनेला मॉर्फिन न देणे चूक आणि वीटभट्टीवर वाकून वाकून आलेल्या कंबरदुखीला महिनोन् महिने ट्रामाडॉल खाणेही चूक.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. कमी दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, त्याने न भागल्यास सौम्य अफूगटातले औषध, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. शक्यतो तोंडाने, आणि घड्याळ बघून ठरल्या वेळी. दुखणे उसळायची वाट पाहून दिले तर जास्त मात्रा लागते. वेळेवर दिले तर थोडक्यात भागते.

सिकलसेलचे दुखणे

आदिवासी भागात हा विषय कर्करोगापुरता नाही. आपल्या वारली, कोकणा, कातकरी समाजांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणी वाढली आहे, पण त्या दुखण्याबद्दल अजून फारसे बोलले जात नाही. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे-सांधे-छाती-पोटात भयंकर कळा येतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी असा झटका येतो.

बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. मग वर्षातून तीन-चारदा कळवळत येणाऱ्या पोराला "याला इंजेक्शनची सवय लागली आहे" असे ऐकावे लागते. हे फार वाईट आहे. सौम्य झटक्याला भरपूर पाणी, ऊब आणि पॅरासिटामॉल पुरते. दोन-तीन तासांत उतार नसेल, किंवा ताप, छातीत दुखणे, धाप लागणे असेल तर थेट रुग्णालय गाठावे. तिथे सलाइनबरोबर गरजेनुसार अफूगटातले औषध देणे हा योग्य उपचार आहे.

धोका इथेही आहे, कारण हे दुखणे जन्मभराचे. म्हणून शक्यतो एकाच रुग्णालयात जावे, सिकलसेलचे कार्ड आणि औषधाची वही बरोबर ठेवावी, आणि झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चुकवू नये. झटकेच कमी आले तर कडक औषधाची गरजही कमी पडते.

आपण काय करायचे?

घरी मॉर्फिनवर असलेला रुग्ण असेल तर एवढे लक्षात ठेवा.

• गोळ्या ठरल्या वेळीच द्या. स्वतःहून कमी किंवा जास्त करू नका. दुखणे आवरत नसेल तर डॉक्टरांना कळवा.

• मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतेच. त्यासाठी दिलेले जुलाबाचे औषध रोज द्या. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा कमी होते.

• गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा. साधी गोळी कुस्करून देता येते. जास्त वेळ टिकणारी गोळी कधीही कुस्करू नका.

• गोळ्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवा. किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. किती दिल्या, किती उरल्या हे वहीत लिहा.

• चिठ्ठी आणि केसपेपर गोळ्यांबरोबरच ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीने स्वतःच्या रुग्णासाठी आणलेले औषध बाळगणे हा गुन्हा नाही. शेजाऱ्याला एक गोळी देणे मात्र धोक्याचे आणि बेकायदा आहे.

• मॉर्फिनबरोबर दारू किंवा ताडी नको. झोपेची दुसरी गोळी डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

• रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. यावर उतारा असलेले औषध रुग्णालयात असते.

• रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. जिथून आणल्या तिथे परत करा.

कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना वेगळे सांगणे आहे. जमिनीवर सांडलेली, पाकिटातून गळलेली गोळी खिशात घालू नका. रात्रपाळीत थकवा जावा म्हणून कोणी "घे, अंग मोकळे होईल" म्हणून गोळी दिली तर घेऊ नका. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे, आणि ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ज्यांना सवय लागली आहे त्यांनी लाजू नये. व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

आणि आशाताई, आरोग्यसेविका, शिक्षक, पाड्यावरचे जाणते यांना विनंती, की दुखणाईताला "किती दुखते?" असे जरूर विचारा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर आता किती, असे बोटांवर मोजून सांगायला सांगा. आपली माणसे सोसतात आणि गप्प बसतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

सोबत बसणारे कोणी

१९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले, तेव्हा बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी असे घर देशात दुसरे नव्हते. आज परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. पण डहाणू-चर्चगेट लोकल पकडून दर पंधरा दिवसांनी गोळ्यांसाठी परळ गाठणे मोखाड्या-जव्हारच्या माणसाला झेपत नाही. एका दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो, आणि सोबत कोणी लागते. म्हणून हे औषध आणि ते नीट द्यायला शिकलेली माणसे तालुक्याच्या ठिकाणी असायला हवीत. मॉर्फिन महाग नाही. महाग आहे तो आपला उशीर.

त्या आजीची गोष्ट पुरी करतो. सिस्टरांनी मुलाला ओट्यावर बसवून हे सगळे समजावले. कसलीही घाई न करता, दोनदा, तीनदा. सुनेने वही घातली. शाळेत जाणारी नात घड्याळ बघून आठवण करायची. चौथ्या दिवशी फोन आला, आजी रात्रभर झोपली. पुढच्या भेटीत ती ओट्यावर बसून निवडायला घेतलेल्या वालाच्या शेंगा सोलत होती आणि मुलाला खळ्यावरच्या कामाच्या सूचना देत होती. आजार बरा झाला नव्हता, होणारही नव्हता. पण पाच-सहा आठवडे ती पुन्हा त्या घराची आजी झाली.

ती गेल्यावर बाराव्या दिवसानंतर मुलगा आमच्याकडे आला. हातात उरलेल्या गोळ्या आणि ती वही. गोळ्या मोजल्या, वहीशी जुळल्या. त्याच दिवशी त्याने त्या रुग्णालयात परत दिल्या. जाताना एवढेच म्हणाला, "आधीच दिल्या असत्या तर ते दहा दिवस तिला रडावे लागले नसते."

हे दहा दिवस दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, यासाठी हा लेख वाचून झाल्यावर शेजारच्या घरात वाचून दाखवा. तुमच्या पाड्यावर कोणी असे दुखण्यात असेल तर आम्हाला कळवा, आम्ही येऊ.